थंडी गाडी खरं बोलते

कोणी गाडी दाखवायला नेलं की ते आधी जमीन पाहायचे. विकणारा बोनेट उघडून उभा, दारं उघडून उभा, आणि ते चार हात लांब उकिडवे बसून गाडीखालच्या मातीकडे बघत. तेल टपकलं का, कुठं टपकलं, कालचं आहे की महिन्याचं. विकणारा कंटाळून म्हणायचा, "गाडी वर आहे, साहेब." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "वरची तू धुतली असशील. खालची माती कोण धुते?"

आम्ही भिलाईला राहायला आलो तेव्हा ते शेजारच्या क्वार्टरमध्ये होते. कारखाना उभा राहत होता. जिकडे तिकडे खणलेली लाल माती आणि ती वाहणारे डंपर. ते त्या डंपरांच्या गॅरेजात फोरमन. माझा नवरा डंपर चालवायचा आणि त्यांना उस्ताद म्हणायचा. बाकीची कॉलनी त्यांना थंडीवाले म्हणायची. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. राग आला नाही. त्यांना राग यायचा तो फक्त गरम बोनेटचा.

"थंडी गाडी खरं बोलते," हे त्यांचं वाक्य. "गरम झाली का मंग माणसासारखीच. सारं गोड गोड."

मला त्यांनीच समजावून सांगितलं होतं. डिझेल इंजिन कितीही झिजलेलं असो, एकदा तापलं की हात लावताच सुरू होतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा कशी सुरू होते, त्यावरून तिचं वय कळतं. म्हणून ते सकाळीच जायचे, आणि न सांगता जायचे. गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवायचे. ऊब लागली तर सायकल वळवून परत. विकणारा मागून हाका मारत राहायचा.

थंडी लागली तर पुढचं. मीटरकडे ते बघायचेच नाहीत. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचं रबर बघायचे. "काटा कोणीबी मागं फिरवते. घासलेलं रबर कसं फिरवशील?" मग रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहायचं. मग गाडी सुरू करायला लावायची आणि स्वतः मागे जाऊन धूर बघायचा. काळा धूर म्हणजे खर्च. निळा म्हणजे म्हातारपण. पांढरा धूर सुटला आणि सुटतच राहिला, तर तिच्यावर पैसा घालू नये. शेवटी चालू इंजिनावरचं तेल ओतायचं झाकण काढून तिथं कान न्यायचा. आतून भक्‌भक् वाफ आली की म्हणायचे, "धाप लागली हिले."

धुराच्या नळीपुढे ते पांढरं फडकं धरायचे. ती फडकी घरी आणून दोरीवर टांगायची. धुवायची नाहीत. आमच्या पांढऱ्या लुगड्यांच्या बाजूला त्यांची ती काजळीची फडकी वाळत असायची, आणि वारा आला की आमच्या लुगड्यांना लागायची. मी एकदा सरळ सांगितलं, "भाऊजी, ही घाण आत वाळवा."

"घाण नाही, वयनी. हे पाहा, हा दुर्गचा डॉक्टर. हा सिविक सेंटरचा कापडवाला. त्यानं सांगितलं होतं, गाडी नवीच आहे." आणि तेलकट गोल डाग असलेलं फडकं माझ्यापुढे धरलं. गाड्यांना ते विकणाऱ्यांच्या नावानंच ओळखायचे.

एकटेच राहायचे. वडील रेल्वेत होते, नागपूरकडचे. बायको गावी होती. का होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जातीनं ते आमच्यातले नव्हते. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी चहा ठेवला. बराच वेळ कप तसाच. मी बघत राहिले. असे लोक मी पाहिलेले होते, जे बसतात, हसतात आणि कपाला हात लावत नाहीत. मी म्हटलं, "आमच्या घरचा चालत नसेल तर सांगून द्या. मी ओतून टाकतो. दूध महाग आहे."

ते गडबडले. "नाही नाही, वयनी. थंडा होऊन राहिला."

मग खरंच तो पार थंड झाल्यावर, वर साय धरल्यावर, सायीसकट पिऊन टाकला. कपातलं बोटानं पुसून घेतलं. म्हणाले, "गरम चहात साखर किती ते समजत नाही. तुमी जास्त टाकता." माझी शंका गेली, पण साखरेचा राग आला.

उत्तरही थंड करूनच द्यायचे. संध्याकाळी काही विचारलं तर "पाहू" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना सायकलवरूनच दाराशी पाय टेकून उत्तर सांगायचे. तोवर विचारणारा विसरलेला असायचा.

कारखान्याचं बांधकाम सरत आलं तसे ठेकेदार गाशा गुंडाळायला लागले. क्रेन, जीप, मोटारी, सगळं विकायला निघालं. काही ठेकेदारांनी पेट्रोलच्या मोठ्या मोटारीतलं इंजिन काढून त्यात डिझेलचं बसवलेलं होतं, कारण डिझेल स्वस्त. अशा गाड्या घ्यायला कॉलनीतले लोक धावले आणि प्रत्येकजण आधी त्यांच्याकडे आला. ते सगळ्यांबरोबर गेले. एक पैसा घेतला नाही. आणि एकही गाडी पास केली नाही. लोक म्हणायला लागले, थंडीवाल्यांच्या पसंतीची गाडी अजून कारखान्यात बनायची आहे.

मग आमची पाळी आली.

माझ्या सासूचे गुडघे गेले होते आणि छातीही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. तिला एकच हवं होतं. दसऱ्याला नागपूरला जायचं आणि ती जागा बघायची. दीक्षेच्या वेळी भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून अख्खी वस्ती गेली होती, माझा सासराही गेला. नेमकी घरची गाय व्यायला आली होती, म्हणून ही मागे राहिली. "साऱ्यायच्या वाट्याले बाबासाहेब आले, माह्या वाट्याले गाय आली," असं ती म्हणायची. पुढे शेतीची कामं, मग सासरा वारला, मग ती आमच्याकडे आली, मग गुडघे. आदल्या दसऱ्याला आम्ही तिला दुर्ग स्टेशनवर नेलंही होतं. त्या गर्दीत तिला डब्यात चढवता आलं नाही. फलाटावरून परत आणली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि ती न जेवणारी बाई नव्हती.

जीपच्या फळीवर तिला एवढ्या लांब बसवणं शक्य नव्हतं. नवऱ्यानं ठरवलं की जुनी डिझेल मोटार घ्यायची. म्हातारीला नागपूर दाखवायचं आणि नंतर ती गाडी दुर्ग स्टेशनच्या सवारीवर लावायची. तो उस्तादांना घेऊन निघाला. पहिली गाडी रेडिएटरच्या तवंगावर गेली. दुसरी गेली ती बोनेट गरम लागलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा गरम. नवरा चिडला. "उस्ताद, दसरा आला ना तोंडावर."

"दसरा दरवर्षी येते," उस्ताद म्हणाले.

"माय नाही येत."

उस्तादांनी सायकल वळवली.

तिसरी गाडी कुरुदला होती. तेव्हा कुरुद म्हणजे खेडंच. ठेकेदाराची मोठी काळी मोटार तिथं मोहाच्या झाडाखाली उभी होती. या वेळी ते मला म्हणाले, "वयनी, तुमी पण चाला. मागं तुमाले बसायचं आहे, मले नाही. एक लोटा पाणी भरून घ्या."

तो लोटा त्यांच्या तपासणीतला होता. मागच्या सीटवर घरच्या बाईला बसवायचं, मांडीवर काठोकाठ भरलेला लोटा द्यायचा आणि गाडी चालवायची. किती सांडलं ते बघायचं. कुटुंबाची गाडी पुढं बसून तपासायची नसते, असं त्यांचं म्हणणं. हे मात्र मला पटलं होतं. पुरुष पुढं बसतात आणि हाडं मागच्यांची मोडतात.

आम्ही उजाडताना पोचलो. ठेकेदाराचा मुनशी दातण करत होता, आम्हाला बघून घाईनं पुढं आला. "आइए, आइए. एकदम घर की गाड़ी है. साहब के बच्चे इसी में स्कूल जाते थे."

उस्ताद खाली बसून माती पाहून आले, पायपट्ट्या पाहून आले. म्हणाले, "स्कूल बहुत ऊँचे पहाड़ पे था क्या? क्लच का रबर पूरा साफ है."

बोनेट थंड होतं. मुनशीनं चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. नवऱ्याचं तोंड उजळलं. उस्ताद विचारात पडले. एवढी झिजलेली गाडी आणि एवढी लवकर सुरू. त्यांनी फडकं धरलं, झाकणाला कान लावला, पुन्हा धूर बघितला.

मी लोटा घेऊन उभी होते. मला वास आला. दगडी कोळसा नुकता विझल्याचा वास. तो मला चुकत नाही, रोज सकाळी तोच नाकात घेऊन माझा दिवस सुरू व्हायचा. मी वाकून बघितलं. गाडीखाली इंजिनाच्या बरोबर खालची माती झाडलेली होती, आणि झाडूच्या कडेला पांढरी राख राहून गेली होती.

मी म्हटलं, "भाऊजी, इथं सिगडी पेटली होती."

ते आडवे झाले, खालून तेलाच्या टाकीला हात लावला आणि पटकन ओढून घेतला. थंडीवाले येणार हे मुनशीला कुठून तरी कळलं असावं; इंजिनाचं पोट खालून शेकून ठेवलं होतं, वरचं बोनेट थंडच. मातीकडे रोज बघणाऱ्या माणसानं तेल शोधलं आणि राख पाहिली नाही. ते कपडे झटकत उठले. मुनशी दातण थुंकायला लांब गेला.

"वयनी," ते म्हणाले, "उद्यापासून तुमी जात जा. मी घरी चहा मांडतो."

"जास्त साखरेचा," मी म्हटलं.

ती गाडीही नापास झाली. घरी आल्यावर नवरा जेवायला बसला नाही, उठून डंपरवर गेला. सासूनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्याले संध्याकाळी बोलाव. मी बोलतो त्याच्याशी."

ते आले. मी चहा ठेवला. सासू खाटेवर उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता.

"तिन्ही गाड्या तू नापास केल्या म्हणे."

"चांगल्या नव्हत्या, आजी."

"चांगली कधी भेटन?"

"भेटन. वेळ लागते."

"बरं." तिनं त्यांचा हात धरला आणि सरळ स्वतःच्या छातीवर ठेवला. "आता हे पाह्य. हे तुले समजते ना? मंग सांग मले, हे कधीपर्यंत चालन."

मला वाटलं, ते हात काढून घेतील, काहीतरी गोड बोलतील. लोक आजारी माणसाशी बोलतात तसं, अजून शंभर वर्षं जगाल वगैरे. त्यांनी हात काढला नाही. मान खाली घातली, कान जवळ नेला आणि झाकणाशी ऐकायचे तसेच ऐकत बसले. आत घरघर होती, ती मलाही दारातून ऐकू येत होती. खूप वेळ बसले. मग उठून गेले. चहा तसाच राहिला, सायीसकट. मी तो मोरीत ओतला.

सकाळी सायकल दाराशी थांबली. नवरा बाहेर गेला, मीही गेले.

"कुरुदची घेऊन घे," ते म्हणाले.

नवरा बघतच राहिला. "तीच? राखेची?"

"तीच. दुसरी पाहाले वेळ नाही. इंजिन थकलं आहे. तेल पिते. पुढच्या स्प्रिंगा डिझेलचं वजन झेलत नाही. सवारीवर लावशील तर महिना नाही चालणार. पण नागपूरले जाऊन पोचन. राखेची गोष्ट काढ, मुनशी भाव उतरवते. अन् मी संगं येतो." पायडलवर पाय ठेवून पुढं म्हणाले, "गॅरेजात कोणाले सांगू नको का मी पास केली."

दसऱ्याच्या आदल्या पहाटे निघायचं होतं. सासू पांढरं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. कॉलनीतल्या बाया 'जय भीम' करायला आल्या. नवऱ्यानं चावी फिरवली. घरघर, आणि काही नाही. पुन्हा फिरवली. बॅटरीचा आवाज बसत चालला. सासू आतून म्हणाली, "मी उतरत नाही. धक्का मारा नाहीतर बैल लावा." ती हे म्हणाली खरं, पण तिची मूठ पुढच्या सीटवर आवळलेली मला दिसत होती.

"वयनी," उस्ताद म्हणाले, "सिगडी."

माझी सिगडी पेटलेलीच होती. आधण उतरवलं आणि कडीला धरून आणून दिली. त्यांनी ती गाडीखाली सरकवली आणि आडवे होऊन, धूर बघायच्या त्याच फडक्यानं वारा घालू लागले.

मी म्हटलं, "भाऊजी, हे तर त्या मुनशीचं काम झालं."

"मुनशीनं लपवून केलं होतं," ते खालून म्हणाले. "मी तुमच्यासमोर करून राहिलो."

गाडी सुरू झाली. एवढा धूर सोडला की 'जय भीम' करायला आलेल्या बाया खोकत घरात गेल्या.

राजनांदगाव गेलं, मग जंगल लागलं. ते पुढं बसले होते, पायाशी तेलाचा डबा, मांडीवर पाण्याचा कॅन. प्रत्येक चढाच्या आधी म्हणायचे, "थांब." नवरा थांबायचा. ते उतरून झाकण काढायचे, ऐकायचे, तेल ओतायचे. बसायच्या आधी मागच्या खिडकीशी यायचे. "आजी, ठीक?"

"तू तुह्या गाडीले पाह्य. माह्यामागं कावून लागला?"

पण तिला धाप लागली की ते पुढं बसूनच मान तिरकी करायचे. चढावर गाडी आणि म्हातारी, दोघींच्या छात्या एकदम वाजत होत्या, आणि हा माणूस कोणाचं ऐकतोय ते कळत नव्हतं. माझ्या मांडीवर लोटा होता, पिण्याच्या पाण्याचा. देवरी यायच्या आधीच तो माझ्या लुगड्यावर रिकामा झाला. त्यांनी वळून बघितलं. म्हणाले, "म्हणून नापास केली होती."

नागपूरला पोचलो. तेव्हा तिथं मोकळं मैदानच होतं, आणि त्यावर जिकडे बघावं तिकडे पांढरं. गाडी लांब उभी करावी लागली. नवऱ्यानं आईला पाठीवर घेतलं. मी उस्तादांना म्हटलं, "चला." ते म्हणाले, "तुमी जा. मी हिले थंडी होऊ देतो." नंतर मी मागं वळून पाहिलं तर ते थोड्या अंतरावर आमच्या मागोमाग येत होते. चपला गाडीशी काढून, हातात सासूची काठी घेऊन.

सासूला खाली बसवलं. तिनं हात जोडले, माती कपाळाला लावली. मग कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "त्या गाईनं त्या साली कालवड देल्ली होती. चांगली निघाली." आणि पाणी मागितलं.

परत येताना साकोलीच्या पुढं इंजिन बंद पडलं ते कायमचं. उस्तादांनी झाकण काढून ऐकायचेही कष्ट घेतले नाहीत. आम्ही एका ट्रकमधून घरी आलो, सासूला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून. गाडी तिथंच भंगारात गेली. नवऱ्याला तिची सवारी चालवायची फार हौस होती. पण त्यानं उस्तादांना एका शब्दानं बोल लावला नाही, कारण त्यांनी सगळं आधी सांगितलं होतं.

सासू मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. कारखान्याचं काम पुरं झालं, ठेकेदार गेले, नवऱ्याला डंपर सोडून आत क्रेनवर घेतलं, तरी ती खाटेवर बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती. उस्ताद आले की त्यांना टोमणा ठरलेला. "तुह्यावाली गाडी मेली, म्हातारी उरली. असा कसा रे फोरमन तू?"

ते खाली बघून म्हणायचे, "माणसायचं मले समजत नाही, आजी."

पण त्यांनी एक सवय लावून घेतली होती, ती मलाच माहीत होती. रोज पहिल्या पाळीला जाताना ते आमच्या दाराशी सायकल थांबवायचे आणि एक पाय टेकून उभे राहायचे. हाक मारायचे नाहीत. आत सासू जागी व्हायची, खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची, आणि मग माझ्या नावानं ओरडायची, चहा कुठं मेला म्हणून. ते ऐकलं की ते सायकलवर टांग टाकून निघून जायचे. मी एकदा दार उघडून विचारलं, "काय पाहता रोज?"

"काही नाही," ते म्हणाले. "थंडी सुरू होते का ते."

एका सकाळी ते असेच येऊन उभे राहिले. आतून आवाज आला नाही. मी तिला हलवून पाहिलं होतं, हात लावून पाहिलं होतं. नवरा पाळीवर होता. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "गेली."

त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि आत आले. खाटेजवळ उभे राहिले. मी तिच्यासाठी म्हणून नेहमीच्या वेळेला चहा केला होता, तो कपात वाफाळत होता. टाकून देण्यात अर्थ नव्हता. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कप उचलला आणि तसाच, वाफेसकट, उभ्या उभ्या पिऊन टाकला. तोंड नक्की भाजलं असणार. कप खाली ठेवला आणि नवऱ्याला बोलवायला गेले.